फायनल पाहिलेली माणसं

"चुकलं म्हणा, बाबा. एवढंच. मग मी केक कापते."

मेर्वी सुरी धरून उभी होती. समोर तिच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा केक. त्यावर तिचं नाव नव्हतं. क्रीमने लिहिलं होतं, ‘लांडगे ४, पाहुणे ३’. दरवर्षी हेच लिहिलेलं असतं. आमच्या कुरकिलाहती गावच्या ‘लांडगे’ संघाने ज्या दुपारी सलग चौथ्यांदा आइस हॉकीचं अजिंक्यपद घेतलं, नेमकी त्याच दुपारी ही पोरगी जन्माला आली. आता केकवाल्याने तरी काय करावं!

"चुकलं काय त्यात?" तिचे वडील ताइस्तो म्हणाले. "फायनल होती."

"आणि आई हॉस्पिटलात एकटी होती. हे आज कबूल केलं नाहीत, तर पुढच्या वर्षीपासून तुमचा केक तुम्ही कापा. मी येणार नाही."

मेर्वी आवाज चढवणारी बाई नव्हे. म्हणूनच आम्ही सगळे घाबरलो आणि आपापल्या वेलदोड्याच्या पावाकडे बघू लागलो. ताइस्तोंनी कॉफीच्या कपात तोंड घातलं ते वर काढीनात. बायको गेल्यापासून त्यांना ही एकच लेक, हे टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं.

आम्ही बसलो होतो हॉकीच्या हॉलमधल्या कॅफेत. काचेपलीकडे आमचे आताचे लांडगे खेळत होते आणि शून्य-सहाने मार खात होते. तिकडे कुणी बघत नव्हतं. काउंटरवर रेडिओ होता, त्यावर त्याच मॅचचं समालोचन चालू होतं. तेही कुणी ऐकत नव्हतं. आम्ही इथे येतो ते जुना संघ आठवायला.

ताइस्तोंच्या जुन्या दोस्ताने, आल्पोने विषय सावरला. म्हणजे, सावरला असं त्याला वाटलं.

"अगं पोरी, तो संघ कसला होता माहितीये का तुला? गोलरक्षक हुर्मे! तोंडात दात दोनच, पण त्याच्या बाजूने पकची चकती आत जाईल, काय बिशाद! आणि त्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती."

हे मात्र खरं असणार. हॉलमध्ये जागा होती अडीच हजारांची. गावाची वस्ती तेव्हा अकरा हजार. आज विचारत फिरा, ती फायनल डोळ्यांनी पाहिलेले पंधरा हजार तरी भेटतील. तिकीट मात्र एकाकडेही निघत नाही. सगळ्यांची तिकिटं धुण्यात गेली. माझंही.

"तीन-तीन बरोबरी," आल्पो रंगात आला. "शेवटचं अर्धं मिनिट. पक आत! आणि समालोचक काय ओरडला?"

"झालं! कॉफी ठेवा, बायांनो!" टेबल एका सुरात ओरडलं. कपसुद्धा हलले.

"अजून कानात आहे," आल्पो डोळे पुसत म्हणाला. "बघ, अंगावर काटा आला."

मेर्वीने काउंटरवरच्या रेडिओकडे बघितलं. मग सुरी खाली ठेवून ती काचेच्या दारातून बाहेर गेली. प्रेक्षकांच्या बाकांमध्ये मिनिटभर उभी राहिली आणि परत आली.

"आल्पोकाका, बाहेर समालोचकाचा एक शब्द ऐकू येत नाही. तो रेडिओवर बोलतो. तुम्ही हॉलमध्ये होतात, तर तुम्हाला तो ऐकू आला कसा?"

पन्नास वर्षांत हा प्रश्न आमच्यातल्या एकालाही पडला नव्हता. कुरकिलाहती काही हुशारीसाठी प्रसिद्ध नाही. मी स्वतः त्या दुपारी घरच्या सॉनात वाफ घेत उघडाबंब बसून रेडिओ ऐकत होतो, पण मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी गप्प राहिलो.

आल्पोचे कान लाल झाले.

"गोठ्यात होतो, रेडिओ लावून," तो शेवटी म्हणाला. "गाय अडली होती. फायनलचं तिकीट खिशात आणि हात कोपरापर्यंत गाईत. सांगतो कुणाला? जन्मभर चिडवलं असतं मला. हा ताइस्तो तर सगळ्यांत आधी!"

ताइस्तो ताडकन उभे राहिले.

"मी? मी चिडवलं असतं? अरे गाढवा, तू हसशील म्हणून मी पन्नास वर्षं…"

आणि थांबले.

"पन्नास वर्षं काय, बाबा?" मेर्वीने विचारलं.

ताइस्तोंनी डोक्यावरची लांडगे संघाची टोपी काढून टेबलावर ठेवली.

"त्या काळी बाळंतपणाच्या खोलीत बाप जात नसत. गावातला पहिला मीच. तोसुद्धा फायनल सोडून! कळलं असतं, तर या लोकांनी मला जगू दिलं असतं का? तुझ्या आईला शपथ घातली होती. ती दरवर्षी म्हणायची, पोरीला तरी सांगा. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी सांगू. मग तीच गेली. चुकलं ते हे, मेर्वी."

मेर्वी खाली बसली. तिने नुसता त्यांचा हात धरला.

आल्पो मात्र आल्पोच. "म्हणजे ‘कॉफी ठेवा’ तूसुद्धा रेडिओवरच ऐकलंस की रे!"

"कुठलं ऐकतोय! ते तुमच्याकडूनच शिकलो." ताइस्तो लेकीकडे वळले. "रेडिओ नर्सच्या टेबलावर होता. तीन-तीन झाले होते, मिनिटभर उरलं होतं. त्या बाईने मुद्दाम माझ्यासाठी आवाज मोठा केला. मी म्हटलं, बंद करा हो ते, पोरगी दचकतेय."