शंभरपर्यंत

मास्तरांनी कागद पुन्हा त्याच्या पुढ्यात सरकवला. इमारतीतल्या अकरा घरांच्या सह्या झाल्या होत्या. बारावी त्याची राहिली होती.

"हे नेटवाले शंभरच्या वेगाचे पैसे घेतात आणि दहाचा वेग देतात," मास्तर म्हणाले. "विचारलं तर सांगतात, करारात 'शंभरपर्यंत' असं लिहिलंय. पर्यंत! चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं मी, आणि हे मला शिकवताहेत. उद्या दूधवाल्याने 'लिटरपर्यंत' म्हणून पावशेर घातलं, तर चालेल तुम्हाला?"

त्याने मान खाली घातली. समोर मेणात बसवलेले दात होते. त्यातला एक तो उगाचच कोरणीने सारखा करत बसला.

"सगळ्या घरांनी लिहून दिलं तरच तार बदलू, म्हणतोय त्यांचा साहेब. तुमच्या एका सहीसाठी अडलंय."

त्याने नकारार्थी मान हलवली. मास्तरांनी कागदाची घडी केली. जिना उतरताना ते "काय माणूस आहे" असं काहीतरी पुटपुटले. ते त्याला नीट ऐकू आलं.

तो कवळ्या बनवायचा. तीन दंतवैद्य त्याच्याकडे साचे पाठवत. त्याच्या हातून कितीतरी तोंडं पुन्हा बोलती झाली होती. त्याची स्वतःची जीभ मात्र अडायची. 'क' किंवा 'म' आला की शब्द दातांमागेच उभा राहायचा. 'कवळी' हा शब्दही त्याला एका दमात म्हणता येत नसे. लग्नासाठी दोन ठिकाणी भेटी ठरल्या होत्या. एकीकडे मुलीचा भाऊ हसला. दुसरीकडे कुणी हसलं नाही, पण सगळे त्याची वाक्यं त्याच्याआधी पुरी करत राहिले. त्यानंतर तो कुठे गेलाच नाही.

आता त्याच्या ताईने परगावच्या एका ग्रंथपाल बाईशी ओळख करून दिली होती. सहा रविवार दोघं स्क्रीनवर बोलत होते. नेट रडतखडत चालायचं. चित्र थिजायचं, आवाज तुटायचा. त्यातच कधी त्याची जीभ अडली, की ती म्हणायची, "नेट अडकलं वाटतं. थांबते मी." आणि खरोखरच थांबायची, शब्द बाहेर येईपर्यंत. शाळेतल्या गमती, पहिल्यांदा उलटी बसवलेली कवळी, वडिलांचं जाणं, आजवर कुणाला न सांगितलेलं तो तिला सांगत होता. असल्या रडक्या नेटचे त्याने दुप्पट पैसे दिले असते.

दोन दिवसांनी मास्तरीणबाई वर आल्या. कवळी खालच्या हिरडीला टोचत होती. तो ती घासायला बसला. सहीचं त्या काहीच बोलल्या नाहीत. पदराआड तोंड धरून, बोळक्या आवाजात एवढंच म्हणाल्या, "नातीचा पहिला दात पडला परवा. एवढा मोठा आ करून दाखवत होती मला. मला फोनवर नुसते रंगीत चौकोन दिसले रे. मी आपलं म्हटलं, वा, काय छान पडलाय!"

मशीन बंद करून त्याने कवळी धुतली, त्यांच्या हातात दिली.

"कळलं असेल का रे तिला, मी खोटं बोलले ते?"

त्या दारापर्यंत गेल्यावर तो म्हणाला, "म... म... मास्तरांना सांगा, क... कागद पाठवा."

सही करायला क्षणही लागला नाही. त्याचा हात कधीच अडत नसे. पण पेन खाली ठेवून त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरात दिवस मोजले. सात दिवसांत नवी तार येणार होती.

ती पाचव्याच दिवशी आली. संध्याकाळी मास्तरीणबाई जिन्यातून ओरडल्या, "दुसराही हलतोय रे! मला दिसला!" त्याने वरून हात केला. मग आत जाऊन खुर्चीवर बसला.

रविवारी डोकं दुखल्याचं सांगावं, असं त्याने तीनदा ठरवलं आणि तीनदा मोडलं. अकरा वाजता स्क्रीन उजळली. तिच्या मागच्या कपाटातल्या पुस्तकांची नावंही वाचता येत होती. तिच्या हनुवटीवर एक बारीकसा तीळ होता. तो त्याने आज पहिल्यांदा पाहिला.

"अगबाई, किती स्पष्ट दिसताय आज!" ती म्हणाली.

"क..." त्याने सुरुवात केली. जबडा आवळला, डोळे मिटले गेले, मानेची शीर ताठ झाली. शब्द काही हलेना. कुठे थिजणं नाही, कुठे चौकोन नाहीत. सगळं लख्ख दिसत होतं.

"नेट अडकलं वाटतं," ती नेहमीसारखी म्हणाली. "थांबते मी."

नुसती मान डोलावली असती तरी निभावलं असतं. त्याने डोळे उघडले.

"नाही. नेट चांगलं आहे. आधीही दर वेळी नेटच अडत होतं असं नाही. म... म... मीच अडतो. लहानपणापासून."

तो टेबलाकडे बघत राहिला. मग तिने खुर्ची पुढे ओढल्याचं ऐकू आलं.

"मला पहिल्या रविवारीच कळलं होतं," ती म्हणाली. "नेट अडकलं की सगळंच थांबतं हो. तुम्ही अडायचात, तेव्हा तुमच्या मागचा पंखा फिरत असायचा."