दहापैकी दोन

"मॅडम, अख्ख्या होस्टेलने मेसच्या जेवणाला पाचपैकी पाच गुण दिलेत!" संशोधनाच्या तासाला हर्षलने आपल्या सर्वेक्षणाचा निकाल वाचला आणि वर्ग खिदळला.

"प्रश्न विचारले कोणी?" शिकवणाऱ्या मृणालने विचारलं.

"मेसच्या मावशींनीच. वाढता वाढता."

तीही हसली. "मग काय होणार? माणूस विचारणाऱ्याकडे बघून उत्तर देतो. आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी तो कोणाला सांगितलाय, ते बघा," असं म्हणता म्हणता तिचा खडू थांबला.

वडील दवाखान्यात होते तेव्हा ती रोज संध्याकाळी त्यांना विचारायची, "अप्पा, दहापैकी किती दुखतंय?"

"दोन गं. जा तू आता, वेळेवर जेव."

ती निर्धास्त घरी जायची. अप्पा गेल्यावर त्यांचं सामान आणायला गेली, तेव्हा नर्स सहज बोलून गेली, "आम्हाला मात्र नऊ सांगायचे. लेकीला कळू देऊ नका म्हणायचे."

"मग मॅडम, खरा आकडा मिळवायचा कसा?" हर्षलने विचारलं.

ती फळ्याकडे वळली.

"त्यांचा जीव ज्याच्यावर नाही," ती म्हणाली, "अशा माणसाला विचारायला पाठवायचं."