बर्फातला पाळणा

गाडी सहज कलावी म्हणून रिस्तेनने बर्फगाडीचे पुढचे शॉकअप मऊ केले आणि पुढच्या दोन स्की एकमेकींच्या जवळ आणल्या, तेव्हा सासरे हसले होते. "गाडी केलीस की पाळणा?" आज तेच सासरे डोंगरउतारावर भुसभुशीत बर्फात स्वतःच्या गाडीचं नाक खुपसून बसले होते आणि त्यांच्याही वर रेनडिअरचा उपाशी कळप पोटापर्यंत रुतला होता. रिस्तेन गाडी एका अंगावर कलती करत त्यांच्या शेजारून वर चढली. स्की बर्फावर तरंगत राहिल्या. कळपाला वळसा घालून ती खाली आली, तेव्हा मागे दाबलेल्या बर्फाची पक्की वाट झाली होती. पण गळ्यात घंटा असलेली म्होरकी मादी हलेना. आवाजाला ती बुजत असावी म्हणून रिस्तेनने इंजिन बंद केलं. अखेर घंटा वाजली, म्होरकी वाटेवर आली आणि रिस्तेनचा जीव भांड्यात पडला. एकामागून एक रेनडिअर वाटेला लागले. सर्वांत शेवटी सासरे पायी आले. "सूनबाई, माझ्याही गाडीचा पाळणा करून टाक."