जास्तीचं बटण

माणसं चार होती आणि डब्यातून बटणं निघाली पाच.

आजोबांनी ती घरातल्याच शिवणाच्या दुकानात, कापड कापायच्या टेबलावर ओळीनं मांडली. कोटाची मोठी दोन, शर्टाची छोटी तीन. मोठं बटण म्हणजे टेकडीवरचं नवं वॉटर पार्क, छोटं म्हणजे तळ्याकाठचं जुनं. शिंप्याच्या या घरात कुठलीही गोष्ट अशीच ठरे. प्रत्येकानं मूठ डब्यात घालून एक बटण सोडायचं, धाकट्यानं आधी, थोरल्यानं शेवटी. बरोबरी झाली, तर धाकट्याचा शब्द खरा.

"छोटी जास्त आहेत," आई घाईनं म्हणाली. "तळ्याकाठचं ठरलं. चला, कामाला लागा."

"थांब सूनबाई, माझं मोजायला चुकलं असेल." आजोबांनी एकेका बटणावर बोट ठेवत पुन्हा मोजलं, पहिलीतल्या मुलाला शिकवावं तसं. पाचच भरली.

"आधीचं एखादं राहिलं असेल डब्यात," मशीनवर बसलेला शिंपी म्हणाला.

"बाबा, मी डबा उलटा करून दाखवला होता," टाचणी म्हणाली.

टाचणी ही घरातली धाकटी. वय बारा, अंगानं बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. तिच्या मानेवर, हातांवर, पोटऱ्यांवर पांढरे डाग होते. गेले तीन उन्हाळे हे कुटुंब तळ्याकाठच्या पार्कात जात होतं, कारण तिथं दुसरं कोणी जात नव्हतं.

"असं करू," आजोबा म्हणाले. "सगळ्यांनी डोळे मिटा. ज्याचं जास्तीचं असेल त्यानं उचलावं. कोण ते विचारायचं नाही."

डोळे उघडले तेव्हा टेबलावर दोन मोठी होती आणि दोन छोटी.

कोणी काही विचारलं नाही. आईच बोलली.

"हो, मी टाकली दोन. तुमचं बटण नातीच्याच बाजूला पडणार, हे मला ठाऊक होतं. मग बरोबरी, आणि बरोबरी झाली की हिचा शब्द. टेकडीवर मुंगीला शिरायला जागा नसते. लोक बघतात हो! एका बाईनं हिला पाहून आपलं पोर पाण्यातून उचलून घेतलं होतं. ते मी एकदा पाहिलंय. पुन्हा नाही बघवणार मला."

"माझे डाग कोणाला लागत नाहीत," टाचणी म्हणाली. " विज्ञानाच्या बाईंना विचारलंय मी."

"आणि ऊन? उन्हाचा त्रास होतो ना तुला?"

"टेकडीवर छप्पर आहे, आई. तळ्यावर काय आहे? एका घसरगुंडीला दोरी बांधलेली, दुसरीला पाणी नाही. पोहायला आपण चौघं आणि बेडूक."

शिंपी हसला. बायकोकडे लक्ष जाताच त्यानं मशीनच्या चाकावरचा धागा काढायला घेतला.

"अगं, पण लोकांचे डोळे कसे बांधणार आपण?"

"कशाला बांधायचे? तिकीट काढून आलेत, काहीतरी बघणारच."

"असं उलट बोलू नये."

"मग कसं बोलू? या घरात सगळे 'ते' म्हणतात, नाहीतर 'तसलं' म्हणतात. त्याला कोड म्हणतात, आई. मला कोड आहे. मला पोहता येतं. आणि बरोबरी झालीय."

आजोबांनी डब्याचं झाकण लावलं. "शब्द धाकटीचा," ते म्हणाले.

टाचणी आत गेली आणि पोहायचा पोशाख घालून बाहेर आली. बाबांनीच शिवलेला, मनगटापासून घोट्यापर्यंत सगळं झाकणारा. गिऱ्हाइकाचं माप घ्यायच्या स्टुलावर ती चढली.

"बाही इथं," खांद्याखाली चार बोटं मोजून तिनं दाखवलं. "आणि पाय इथं, गुडघ्याच्या वर."

"उतर आधी. अंगावरचं कापड कापत नाहीत."

"उतरले की तुम्ही आईशी बोलाल. मग कापायचं राहूनच जाईल."

शिंप्यानं खडू उचलला, पण हात पुढे जाईना. गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारावं, का हवं ते विचारू नये, हे त्याला त्याच्या वडिलांनी शिकवलं होतं. ते समोरच बसले होते.

त्यानं खडूची रेघ ओढली. कापड आणि कातडी यांच्यात स्वतःचं बोट सरकवलं, आणि बोटाच्या वरून कात्री चालवली. बाही गळून स्टुलाच्या पायाशी पडली. हात उघडा झाला. कोपरापासून मनगटापर्यंत डागांवर डाग.

तेवढ्यात दुकानाचं दार ढकलून एक बाई आत आली. हातात कापडाची पिशवी. तिची नजर त्या हातावर खिळली.

आईनं सवयीनं पुढे होऊन स्टुलाभोवतीच्या पडद्याची दोरी धरली.

"पडदा राहू दे, आई," टाचणी म्हणाली. मग त्या बाईकडे वळून, "या काकू, बसा. उभ्यानं कशाला बघता? दुसरी बाही अजून कापायची आहे."

बाई गडबडून खुर्चीत बसली. शिंप्याची कात्री हातातच राहिली.

आई क्षणभर दोरी धरून उभी होती. मग तिनं दोरी सोडली, नवऱ्याच्या हातातली कात्री काढून घेतली आणि लेकीला म्हणाली, "हात वर कर. आणि हलू नकोस."