पाण्याचा दोष

सासूबाईंनी बाथरूमच्या जाळीतून केसांचा गुंता उपसला आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली. गुंता मुठीतच राहिला.

पाणी मऊ करायचं यंत्र बसवून गेलेला मेकॅनिक आला होता. यंत्रात मीठ भरून झालं तसा तो ऐटीत म्हणाला, "काय आजी, पडला ना फरक?"

"मला काय विचारतोस? जन्मभर जड पाणी प्यायले, म्हणून तर जीभ अशी झाली. हिला विचार. हट्ट हिचाच होता."

सून भिंतीला टेकून उभी होती. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. ती भराभर सांगत सुटली. "खूपच फरक पडला. साबण जरासा लावला तरी फेस येतो. नळांवरचे पांढरे डाग गेले. गिझर पूर्वीसारखा गुरगुरत नाही. ह्यांचे शर्टसुद्धा मऊ निघतात."

"शर्ट मऊ झाले. आतला माणूस कधी व्हायचा कोण जाणे," सासूबाईंनी मुलाचाही समाचार घेतला.

मेकॅनिक हसला. "आणि ताई, तुमचे केस गळत होते, त्यांचं काय?"

"थांबले," सून म्हणाली. "अगदी थांबले."

सासूबाईंनी मूठ पाठीमागे नेली.

मेकॅनिक गेला.

"अजून थोडी वाट बघू, आई," सून म्हणाली. "केसांना वेळ लागत असेल."

सुनेच्या थोरल्या बहिणीचंही असंच सुरू झालं होतं. आधी केस, मग सांधे, मग अंथरूण. आता तर तेही रिकामं होतं. या घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. सगळी मिळून पाण्याला नावं ठेवायची, आणि त्यात सासूबाईंचा आवाज सगळ्यात मोठा असायचा.

"पाण्याला तोंड नाही म्हणून त्याच्यावर किती ढकलायचं?" आज तो आवाज बारीक निघाला. "चपला घाल. दवाखाना उघडला असेल."

"आणि डॉक्टरांनी ताईला होतं तेच सांगितलं तर?"

सासूबाईंनी तिच्या चपला दाराजवळ आणून ठेवल्या.

सून दाराजवळच्या स्टुलावर बसली. वाकली. पण बोटं चपलेच्या पट्ट्याशी नुसतीच धडपडत राहिली. तेव्हा सासूबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. कुणाच्या पायाशी बसायची त्यांना सवय नव्हती.

"आई, अहो, हे काय!"

"पाय पुढे कर. लाजतेस काय?"

पट्टा ओढत ओढत त्या शेवटच्या भोकापर्यंत आल्या. सुजलेल्या पायावर तो तिथेही लागेना.