चौतीस नंबरचा सोनार

"आता सोनार उचलणार," बाळाबाई पुटपुटल्या.

"चौतीस!" लॅपटॉपसमोर बसलेल्या आयेशानं आकडा पुकारला. राजारामपुरीतल्या त्या इमारतीच्या तळमजल्यावर महिन्याच्या हाऊजीला जमलेल्या वीस-बावीस बायकांच्या माना आपापल्या तिकिटांवर वाकल्या. बक्षीस होतं पाच लिटरचा कुकर.

बाळाबाईंच्या मागं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर त्यांचा मुलगा अमरसिंह बसला होता. त्यानं डोळे मिटून घेतले. खैरुनबी मावशींनी फोनवर सांगितलं ते खोटं नव्हतं तर. आई स्वतःशीच बोलत होती, आणि तेही कधीच्या काळी गेलेल्या माणसांविषयी.

खैरुनबी म्हणजे समोरच्या दारातली शेजारीण. तीस वर्षांची मैत्री. बाळाक्काचं काहीतरी बिनसलंय असं वाटल्यावर त्यांना राहवलं नाही, त्यांनी थेट पुण्याला कळवलं. अमरसिंह सकाळीच गाडी घेऊन हजर. उद्या आईला न्यायचं, परवा डॉक्टरला दाखवायचं, इथला फ्लॅट भाड्यानं द्यायचा. सगळं ठरवूनच तो आला होता. बाळाबाईंनी वाद घातला नाही. "आजची हाऊजी तरी खेळू दे की रे," एवढंच म्हणाल्या.

"आता डॉक्टर," बाळाबाईंचे ओठ हलले.

"सात!"

"आई," अमरसिंह खाली वाकला, "कुठला सोनार? कोण डॉक्टर?"

"चंदगडचे. चौतीस नंबर सोनार, सात नंबर डॉक्टर. इसरलास व्हय?"

तो विसरला नव्हता. त्याच्या लहानपणी आई चंदगडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. गावात मोजून नव्वद फोन. कुणी फोन उचलला की आईसमोरच्या बोर्डावर त्याच्या नंबरचा खटका पडायचा. मग "नंबर प्लीज" म्हणायचं, वायर खोचायची, एक घर दुसऱ्या घराला जोडून द्यायचं. बाहेर चार-चार महिने पाऊस कोसळत असायचा आणि आत बाळाबाई अख्खं गाव बोलकं ठेवायच्या. लोकांचं बोलणं ऐकायचं नसतं, हा नियम त्यांना पाठ होता. पण कान काय खुंटीला टांगून बसायचं?

"ती माणसं गेली आई," अमरसिंह हळूच म्हणाला. "आता कुणी कुणाला फोन करत नाही."

"करत्यात की! आयेशा लावून देतीया न्हवं? सोनाराच्या पोरीचं डॉक्टरच्या पोराशी जुळायलंय. आता काजूवाला मधी नाक खुपसणार बघ."

"बहात्तर!"

"हं, आला मेला."

अमरसिंह उठूनच उभा राहिला. "आई, चल. उद्याची वाट कशाला बघायची? आत्ताच निघू."

"थांब की जरा. फौजदार येऊ दे. तो आला की लग्न मोडतंय, मग निघू. मागच्या महिन्यात बी तिथंच मोडलं. त्याच्या मागच्या महिन्यात बी."

आयेशाचं बोट बटणावर होतं तिथंच थांबलं. "आजी, फौजदार म्हणजे किती नंबर?"

"अकरा."

आयेशानं बटण दाबलं. पडद्यावर अकरा आला.

"आणि पुढं?"

"एकोणसाठ, भाताची गिरणी. मग तीन, मामलेदार. मग अठ्ठ्याऐंशी, हेडमास्तर."

तिन्ही आकडे आले, त्याच क्रमानं. एकीनंही तिकिटाकडं पाहिलं नाही. सगळ्या बाळाबाईंकडं बघत राहिल्या.

आयेशा खैरुनबींची नात. वारणानगरला कॉम्प्युटर शिकत होती. हाऊजीच्या पिशवीतले आकडे हरवले, म्हणून तीन महिन्यांपूर्वी तिनंच हा प्रोग्रॅम लिहून दिला होता. तिनं डोक्याला हात लावला आणि खळखळून हसली.

"काका, आजीचं डोकं एकदम ठिकाणावर हाय. माती मी खाल्लीया. कॉम्प्युटर आपल्या मनानं आकडे काढत नाही. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यायचा, त्यावरून हिशेब करत तो पुढचे काढतो. सुरुवात तीच, तर पुढचे सगळे तेच. तपासायला म्हणून मी एक आकडा ठरवून दिलता, तो काढायचाच राहिला. तीन महिने नव्वद आकडे त्याच रांगेत येतायत, आणि इथं कुणाला पत्ता न्हाई!"

"आम्ही आपापलं तिकीट बघायचं का तुझी रांग?" खैरुनबी कडाडल्या. मग त्यांचा मोर्चा मैत्रिणीकडं वळला. "आणि काय गं बाळाक्का, सगळं ठाव हुतं तर तिकीट निवडून घ्यायचं न्हाईस? दोन कुकर घरात आलं असतं!"

"कुकर घेऊन काय करू? मला पोरीचं लग्न जमतंय का बघायचं हुतं. आणि तू गं? पुण्याला कळवायच्या आधी दार उघडून मला इचारायला तुझं काय पाय मोडलं हुतं?"

खैरुनबींनी जीभ चावली. हशा पिकला. आयेशानं एक ओळ खोडली, एक नवी लिहिली. आता सुरुवातीचा आकडा घड्याळावरून घेतला जाणार होता, दर खेळाला नवा. तिकिटं पुन्हा वाटली गेली. खैरुनबींनी एक अमरसिंहच्या हातातही कोंबलं. त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि आईच्या शेजारी बसला.

"चौसष्ट!"

या खेपेला बाळाबाईंनी आधी कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

"एकवीस!"

बाळाबाईंची मान किंचित कलती, जणू कानाला अजून हेडफोन होता. अमरसिंहला राहवेना. तो त्यांच्या कानाशी लागला.

"आई, आता पुढं कोण?"

"मला काय ठाव!" बाळाबाईंचे डोळे लकाकत होते. "उद्या तू एकटाच जा पुण्याला, आणि आता गप ऐक. तीन महिन्यांनी लायनीवर नवी भानगड आलीया."