दूध तोडलेली पिल्लं

"काय खायला घातलंत यांना?" डॉक्टरांनी पिल्लाचं पोट चाचपत विचारलं.

सेवरीनने पिल्लांकडे पाहिलं. डुकरिणीपासून तोडून चारच दिवस झालेली अकरा पिल्लं. सकाळी दोन मेलेली सापडली आणि बाकीची हगवणीने थरथरत होती. सासू मागेच उभी होती.

"पिल्लांचं खाद्य संपलं होतं. काल मोठ्या डुकरांचंच घातलं, पोटभर," सेवरीन कशीबशी म्हणाली.

"एवढ्यात ते पचत नाही त्यांना. आज खाद्य बंद ठेवा, फक्त मीठ-साखरेचं पाणी पाजा."

डॉक्टर इंजेक्शनं देऊन गेले. आता सासू काय बोलेल, या धास्तीने सेवरीनचं लक्ष सारखं मागे जात होतं आणि चमच्यातलं पाणी पिल्लाच्या तोंडाबाहेरच सांडत होतं.

सासू शेजारी टेकली. तिने पिल्लू मांडीवर घेऊन त्याचा जबडा अलगद उघडला.

"माझ्या डुकरिणीची पहिली पिल्लं अशीच गेली, सगळीच्या सगळी. मी डॉक्टरांना खाद्याचं सांगितलंच नाही, घाबरले होते. तू सांगितलंस. ओत आता."

संध्याकाळी आणखी एक पिल्लू गेलं. उरलेली आठ तिसऱ्या दिवशी मूठभर खाद्यासाठी एकमेकांना ढकलत होती.